येझदी रोडकिंगला नवे सायलेन्सर : उजवा वर, डावा खाली, रेषेत कसे आणायचे?

निळी_रोडकिंग (सांगली)
शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही.

अण्णांची १९८७ची रोडकिंग मोटारसायकल चौदा वर्षं गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत उभी होती. गेल्या दिवाळीपासून मी तिच्या मागे लागलोय. क्रँक नवी केली, सिलिंडर बोअर करून घेतला, वायरिंग बदललं, टाकी रंगवली. राहिले सायलेन्सर. मूळचे दोन्ही खालून इतके कुजले होते की स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तरी आत जायचा. म्हणून बाजारातून पूर्ण सेट आणला : दोन बेंड पाइप (सिलिंडरपासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या नळ्या), दोन सायलेन्सर, रिंग नट (बेंड सिलिंडरला आवळणारे गोल नट), पॅकिंग, क्लॅम्प.

गुरुवारी एका गॅरेजात बसवायला दिले. डावी बाजू अलगद बसली. उजवी काही बसेना. सायलेन्सरच्या पट्टीचं भोक एकीकडे, गाडीच्या पट्टीचं दुसरीकडे. मिस्त्री म्हणाले, "बोल्ट आवळला की येतंय जाग्यावर." पहार घालून सायलेन्सर खाली दाबला, बोल्ट घातला आणि आवळला. शेवटच्या फेऱ्याला टक् असा आवाज आला. घरी आणून टॉर्च मारून बघितलं तर सायलेन्सरवरच्या पट्टीच्या वेल्डला केसाएवढी चीर.

एवढं करूनही उजव्याचं शेपूट (मागचं टोक) डाव्यापेक्षा वरच आहे. ब्रेकचा पेडल दाबला की पाइपला घासतो. उजवीकडे बेंड आणि सायलेन्सरच्या सांध्यातून काळं तेल पाझरतं, दहा किलोमीटरात बूट खराब. अण्णा ७१ वर्षांचे आहेत. मागं खुर्ची टाकून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "एक खांदा उचलून चालल्यासारखी दिसतीय." ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-दिवस, म्हणजे जावा-येझदीवाल्यांचा सण. त्या दिवशी त्यांना मागे बसवून कोल्हापूरला न्यायचं ठरवलंय. हातात पाच आठवडे आहेत. काय करू?


उद्यमनगर_फिटर (कोल्हापूर)
शनिवार, रात्री १०:१५

आधी तो उजवा बोल्ट काढा. आत्ता, रात्रीच. ताणात ठेवलेली नळी रोज थोडी थोडी चीर वाढवते, आणि तो ताण पुढं सिलिंडरच्या आट्यांवर जातो. सायलेन्सर परत मिळंल, सिलिंडरचे आटे गेले तर लई महागात पडंल.

बोल्ट काढल्यावर सायलेन्सर मोकळा लोंबू देऊ नका, खाली लाकडाचा ठोकळा द्या. नुसता टेकवायचा, उचलायचा नाही. मग मला ही मापं द्या.

गाडी मेन स्टँडवर, सपाट फरशीवर. साइड स्टँडवर घेतलेलं माप मी बघणार नाही. दोन्ही शेपटांची फरशीपासून उंची. उजव्या बाजूला दोन्ही भोकं एकमेकांपासून किती वर-खाली आणि किती आत-बाहेर. बेंड पाइपचा बाहेरचा व्यास, सायलेन्सरच्या तोंडाचा आतला व्यास, व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावून.

आणि मागचं चाक सरळ हाय का ते आधी बघा. चेन ताणताना चाक एका बाजूला गेलेलं असतंय, आणि माणूस त्याच चाकापासून सायलेन्सर मोजतो. मग चांगला सायलेन्सर वाकडा ठरतो. माप चाकापासून घेऊ नका, शॉकअपच्या वरच्या बोल्टापासून ओळंबा सोडा.


सातारा_रोड
रविवार, सकाळी ८:०५

एवढा खटाटोप कशाला? पट्टी कापा, जिथं भोक येतंय तिथं नवीन पट्टी वेल्ड करा. माझ्या गाडीला असंच केलंय. तासाभराचं काम, दोनशे रुपये.


उद्यमनगर_फिटर (कोल्हापूर)
रविवार, सकाळी ८:३०

भाऊ, तुमच्या गाडीला चाललं असंल, नाही म्हणत नाही. पण नळी वर का उचलली गेली ते कळायच्या आधी पट्टी हलवली तर वाकडेपणा तिथंच कायमचा बसतो. भोक जुळंल, पेडल घासायचा तो घासंलच, आणि गळती पण ऱ्हाईल. माप येऊ द्या.


निळी_रोडकिंग (सांगली)
रविवार, दुपारी १:२०

काका, रात्रीच बोल्ट काढला. काढताना सायलेन्सर चक्क उसळला, म्हणजे केवढा ताण होता ते कळलं.

मागचं चाक खरंच डावीकडे होतं, आधी ते सरळ केलं. मग ओळंबा सोडून मापं घेतली. माझी पुतणी वही घेऊन बसली होती, प्रत्येक माप तीनदा घेतलं.

डाव्या शेपटाची उंची ३३८ मिमी, उजव्याची ३६०. म्हणजे उजवा २२ मिमी वर.
उजव्या सायलेन्सरचं भोक गाडीच्या पट्टीच्या भोकापेक्षा ११ मिमी वर आणि ५ मिमी बाहेर. डावीकडे बोल्ट बोटानं आरपार जातो.
बेंडचा बाहेरचा व्यास ३९.६, सायलेन्सरच्या तोंडाचा आतला ४०.८. दोन्ही बाजूंना जवळपास सारखंच.


उद्यमनगर_फिटर (कोल्हापूर)
रविवार, रात्री ९:०५

झकास मापं घेतलीत. आता नीट बघा, आकडे स्वतःच बोलायलेत.

भोकापाशी ११ वर, शेपटापाशी २२ वर. सिलिंडरच्या तोंडापासून (जिथनं धूर बाहेर पडतो) भोक साधारण सव्वासहाशे मिलिमीटरवर आणि शेपूट सव्वा मीटरवर. अंतर दुप्पट, चूक पण दुप्पट. म्हणजे नळी मधेच कुठं वाकलेली नाही, सगळीच्या सगळी नळी पुढं तोंडापाशी फिरलीय. किती? हिशेब केला तर बरोबर एक अंश.

एक अंश म्हणजे पुढं किती? बेंडची जी कॉलर तोंडावर बसते ती समजा ४५ मिमी रुंद. तिच्या एका कडेला पाऊण मिलिमीटर कायतरी अडकलं की झाला एक अंश. पुढं पाऊण मिमी, मागं २२ मिमी. शेपूट वर गेलंय म्हणजे अडथळा तोंडाच्या वरच्या ओठाला हाय. खालच्या ओठाला असता तर शेपूट खाली गेलं असतं.

माझी खात्री हाय, जुन्या पॅकिंगचा तुकडा तिथं भाजून बसलाय. येझदीवर हे कायम बघतो. वर्षानुवर्षं तेल आणि कार्बन खाऊन ते पॅकिंग लोखंडासारखंच दिसतंय. वरचा ओठ डोळ्याला दिसत पण नाही, कारण आपण वरनं बघतो. म्हणून बघू नका. नळी उतरवा, करंगळी आत घाला आणि ओठावरनं हळू गोल फिरवा. जिथं नख अडंल तिथं तो तुकडा.

काढायची पद्धत : ती जुनी पॅकिंगं तांबं आणि ॲस्बेस्टॉसची असायची. कोरडी खरवडायची नाहीत, ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून तर अजिबात नाही, ती धूळ छातीत जाते. तेल लावून रात्रभर भिजू द्या, तोंडाला मास्क बांधा, पितळेच्या पट्टीनं खरवडा. पोलादी छिन्नी नको, ओठाला खड्डा पडला की गळती जन्माची. पिस्टन तोंड झाकेल असा वर आणून ठेवा आणि तोंडात चिंधी कोंबा, चुरा सिलिंडरमध्ये जायला नको.

साफ झाल्यावर कॉलर सगळीकडून टेकते का बघायला आमच्याकडं निळा रंग वापरतात. तुमच्या घरी काजळ असंल. कॉलरवर बोटानं अगदी पातळ काजळ लावा, पॅकिंग न घालता नळी तोंडावर दाबा, काढा. ओठावर पूर्ण काळी गोल रेघ उमटली तर बैठक सरळ. अर्धीच उमटली तर अजून कायतरी हाय, नाहीतर कॉलरच वाकडी जोडलीय.

५ मिमी बाहेरचं दुखणं वेगळं. त्याचं नंतर बघू. एका वेळी एकच गोष्ट हलवायची.


म्हैसूरचा_मराठी
सोमवार, सकाळी ७:४५

कॉलर वाकडी असण्याची शक्यता सोडू नका. येझदी बनवणाऱ्या आयडियल जावाचा इथला म्हैसूरचा कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि १९९६ साली बंद पडला. म्हणजे कारखान्यातला नवा सुटा भाग मिळायचे दिवस केव्हाच सरले. आज बाजारात येतं ते सगळं कुणीतरी जुना भाग समोर ठेवून केलेलं. तो जुना भाग तीस वर्षं वापरलेला, कधी पडलेला, कधी ठोकून सरळ केलेला. नकलेत ते सगळं उतरतं. मी एकदा एकाच दुकानातून एकाच दिवशी दोन उजवे बेंड आणले, एकावर एक ठेवले तर टोकाला अंगठ्याएवढं अंतर.

म्हणून माझा नियम : क्रोमकडे नंतर बघायचं, दुकानातच जुना बेंड नव्यावर ठेवून बघायचा. जुने कुजलेले सायलेन्सर तर मुळीच भंगारात देऊ नका. नळी कुजली तरी पट्टीची जागा आणि कोन त्याच्यावरच शाबूत असतो.


नाशिकची_इंटरसेप्टर
सोमवार, दुपारी २:१०

माझी गाडी इंटरसेप्टर ६५०, तुमच्या येझदीपेक्षा खूप नवी. पण तीही दोन सायलेन्सरची आणि माझंही असंच झालं होतं, म्हणून लिहिते.

मी स्लिप-ऑन (मूळ नळीवर नुसते सरकवून बसवायचे) सायलेन्सर बसवले तेव्हा उजवा आत वळलेला दिसायचा. विकणाऱ्याला दोष दिला, एकदा बदलूनही घेतला, तरी तेच. शेवटी लक्षात आलं की मागच्या फूटरेस्टची पट्टी, जिला सायलेन्सर अडकतो, तीच आत गेली होती. पार्किंगमध्ये गाडी उभ्या उभ्या उजवीकडे कलंडली होती, ते मी विसरूनही गेले होते. मूळचा जड सायलेन्सर कारखान्याच्या रबरी बुशांमध्ये ते पोटात घालत होता, नव्याने उघडं पाडलं.

निळी_रोडकिंग, तुमचे ५ मिमी बाहेर म्हणजे सायलेन्सर बाहेर नसून पट्टी आत असेल. गाडी कधी उजवीकडे पडली होती का, ते अण्णांना विचारा.

आणखी एक. नव्या गाडीवर वेल्डिंग करणार असाल तर बॅटरी आणि ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याची) जोडणी सोडवल्याशिवाय वेल्डरला हात लावू देऊ नका. तुमच्या जुन्या येझदीला ईसीयू नाही, तरी बॅटरीची तार काढाच.


निळी_रोडकिंग (सांगली)
बुधवार, रात्री १०:५०

काका, ताई, दोघांचंही खरं निघालं.

मंगळवारी रात्री तेल सोडून ठेवलं. आज संध्याकाळी करंगळी फिरवली तर साधारण अकरा ते एक वाजण्याच्या मधल्या भागात नख अडलं. पितळी पट्टीनं अर्धा तास हळूहळू खरवडलं. सुटलं तेव्हा नखाच्या कोरीएवढा काळा कठीण तुकडा हातात आला. व्हर्नियरमध्ये धरला : ०.७ मिमी. मी तो काडेपेटीत जपून ठेवलाय.

काजळ आईनं दिलं. पहिल्यांदा गोल थोडा तुटक आला, परत साफ केलं, दुसऱ्यांदा पूर्ण गोल उमटला. नळी बसवून ठोकळ्यावर टेकवली. उजव्याची उंची ३४१. बावीसचे तीन झाले! भोकही उंचीला जवळजवळ जुळलं, दीड मिमीचा फरक. पेडल आणि पाइपमध्ये आता बोट जातं.

५ मिमी बाहेर मात्र तसंच आहे. अण्णांना विचारलं. आधी गप्प बसले. मग म्हणाले, ९४ साली गळिताच्या हंगामात आयर्विन पुलाच्या अलीकडे उसाच्या पाचटावरून गाडी घसरली होती, उजव्या अंगावर पडले होते. आईला आजवर सांगितलं नव्हतं. आई दारातच उभी होती.

आता पट्टी सरळ करू, की बोल्टावर ५ मिमीची चकती घालू?


उद्यमनगर_फिटर (कोल्हापूर)
गुरुवार, सकाळी ७:१०

पट्टी सरळ करा. चकती घातली तर बोल्ट लांबतो, आणि बोल्ट जेवढा लांब तेवढी हादऱ्यानं त्याच्यावर मोड जास्त. एक-दोन मिमीला चकती चालते, पाचला नको.

सरळ करताना ठोकायचं नाही. लांब नळी त्या पट्टीवर चढवा आणि एका माणसानं गाडी धरून, दुसऱ्यानं हळू बाहेर ओढायचं. थोडं ओढा, सोडा, मोजा. लोखंड थोडं परत येतंय, त्यामुळं पाचसाठी सहा-सातपर्यंत न्यावं लागंल. रंग तडकला तर मुळाशी चीर हाय का नीट बघा.

आता सांधा. ३९.६ आणि ४०.८ म्हणजे १.२ मिमी ढिलं. क्लॅम्प कितीबी आवळला तरी अखंड नळीचं तोंड तेवढं मिटत नाही. सायलेन्सरच्या तोंडाला चिरा हायत का? बाजारातल्या बऱ्याच सायलेन्सरला नसतात. नसतील तर हॅक्सॉनं चार ठिकाणी २५ मिमी चिरा द्या, आणि प्रत्येक चिरेच्या शेवटाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हंजे चीर पुढं पळत नाही. बेंडवर अर्ध्या मिमीच्या तांब्याच्या पत्र्याचा एक वेढा घाला. दोन बाजूंचे अर्धा-अर्धा मिळून एक मिमी भरून निघंल, उरलेलं क्लॅम्प ओढून घेईल. पत्र्याची दोन टोकं एकमेकांवर चढवू नका, समोरासमोर भिडवा, आणि तो जोड वरच्या अंगाला ठेवा. तेल खाली साठतं.

उष्णता सोसणारं सिलिकॉन लावायचं तर पातळ बोट फिरवा. भोक बुजवायला ते नाही.

तडकलेली पट्टी : चिरेच्या टोकाला ३ मिमी भोक, मग सायलेन्सर गाडीवर मोकळा बसलेला असताना जागेवर फक्त दोन टाके. पूर्ण वेल्ड गाडीवरनं उतरवून. वेल्ड थंड होताना ओढतो, गाडीवरच पूर्ण मारला तर परत ताण आलाच. क्रोमवर ओलं फडकं गुंडाळा, ठिणग्यांचे डाग निघत नाहीत.

आवळायचा क्रम : सगळं आधी हातानं, काहीच घट्ट नाही. मग रिंग नट हुक-पान्ह्यानं. छिन्नी-हातोडीनं नट फिरवणाऱ्यांच्या खुणा प्रत्येक जुन्या येझदीवर दिसतात, तसं करू नका. मग क्लॅम्प. शेवटी मागचा बोल्ट.


मडगावचो_रायडर
गुरुवार, दुपारी १२:४०

फिटरकाकांच्या बाकी सगळ्याला मान, पण क्लॅम्प शेवटी आवळावा असं मला वाटतं. सांधा हा सरकता आहे. रिंग नट आणि मागचा बोल्ट ही दोन टोकं पक्की झाली की नळी आपली लांबी सांध्यात सरकून घेते. क्लॅम्प आधी आवळला तर ती सोय गेली, मग मागचा बोल्ट नळीला पुढे-मागे ओढतो. मी आजवर तसंच करत आलोय.

आमच्याकडे खाऱ्या हवेचा त्रास वेगळा. बोल्ट स्टेनलेसचे घाला आणि आट्यांना कॉपर ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यानंतर कापूनच काढावे लागतात. गाडी बंद करून ठेवताना सायलेन्सर आतून ओला राहतो. जवळच्या दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी सायलेन्सर जेवढा कुजतो तेवढा लांबच्या प्रवासानं कुजत नाही.


उद्यमनगर_फिटर (कोल्हापूर)
गुरुवार, रात्री ८:२०

मडगावकर, पटलं. सांधा ढिला आणि पत्रा घातलेला असताना तुमचा क्रम बरा. मी घट्ट बसणाऱ्या मूळ सायलेन्सरची सवय सांगितली. निळी_रोडकिंग, मागचा बोल्ट आधी, क्लॅम्प शेवटी.

आणि मागच्या बोल्टाला रबरी बुश हाय ना? त्याच्या आत लोखंडी पुंगळी पायजे, नाहीतर बोल्ट आवळताना रबर चेपून जातं आणि बुश असून नसल्यासारखा. ६०० मिमी लोखंडी नळी २०० अंशांनी तापली की जवळपास दीड मिमी वाढते. ती वाढ रबरानं घ्यायची असते. रबर नसंल तर ती वाढ वेल्ड खातो.


टू_स्ट्रोक_२००४ (पिंपरी)
शुक्रवार, रात्री ११:३०

दादा, सगळं उघडलंच आहे तर आतल्या जाळ्या काढून टाका ना. येझदीचा खरा आवाज तेव्हाच येतो. माझा मित्र तसंच चालवतो, पिकअपही वाढलं म्हणतो.


येझदीवाले_आजोबा (सोलापूर)
शनिवार, सकाळी ६:१५

बाळा, आवाज वाढला की पिकअप वाढल्यासारखं वाटतं. मीही तुझ्या वयात जाळ्या काढून बघितल्या आहेत. सोलापूर ते तुळजापूर घाटात गाडी तिसऱ्या गिअरला रडायला लागली आणि पेट्रोल जास्त गेलं.

कारण समजून घे. टू-स्ट्रोकला झडपा नसतात. जळालेला धूर जायचं दार आणि ताजं मिश्रण यायची दारं काही वेळ एकत्रच उघडी असतात. ताजं मिश्रण धुरामागे बाहेर पळू बघतं. सायलेन्सरमध्ये नळी जिथे अरुंद होते तिथून दाबाची लाट उलटी फिरते आणि त्या मिश्रणाला दार बंद व्हायच्या आत परत ढकलते. जाळी काढलीस की ती लाट बिघडते. पैसे देऊन भरलेलं पेट्रोल नुसतं बाहेर जातं. म्हणून टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग धरायचा.

शिवाय आमच्या गाडीला एका सिलिंडरचे दोन सायलेन्सर. दोन्हीकडून धूर सारखा यायला हवा. गाडी चालू करून दोन्ही शेपटांमागे वीतभर अंतरावर हात धर. एकीकडे झोत कमी लागला तर तिथली जाळी तुंबली आहे. जाळी साफ करायची तर कॉस्टिक सोडा : पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात बुडवायचा नाही, तो विरघळतो.


नाशिकची_इंटरसेप्टर
शनिवार, सकाळी ९:५०

आजोबा, फार छान सांगितलंत. टू_स्ट्रोक, कायद्याचंही लक्षात ठेव. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९मधला १२० क्रमांकाचा नियम सायलेन्सरचा आहे. आवाजाचं प्रमाण मोडलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र अशी तरतूद आहे. पुण्यात, नागपुरात रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरची रांग तू पाहिली असशील.

मला दंडापेक्षा दुसरीच गोष्ट लागते. आमच्या गल्लीत एक आजी हृदयाच्या आजारानं झोपून असतात. माझ्या पहिल्या स्लिप-ऑनचा आवाज त्यांना सहन होत नव्हता, त्यांच्या सुनेनं हात जोडून सांगितलं. त्याच आठवड्यात मी आतली जाळी परत बसवली. आता गाडी माझ्या कानाला गोड लागते आणि त्यांची झोप मोडत नाही.


टू_स्ट्रोक_२००४ (पिंपरी)
शनिवार, सकाळी १०:२०

लाटेचं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद आजोबा. मित्राला हा धागा पाठवतो.


निळी_रोडकिंग (सांगली)
पुढचा रविवार, संध्याकाळी ७:३०

मंडळी, काम झालं.

पट्टी नळी चढवून बाहेर ओढली. तीन वेळा ओढून मोजली, साडेसहापर्यंत नेली तेव्हा सोडल्यावर पाचवर थांबली. मुळाशी चीर नाही. सायलेन्सरच्या तोंडाला चिरा नव्हत्याच, दिल्या. तांब्याचा पत्रा उद्यमनगरातून आणला. फिटरकाकांनी दुकानाची खूण सांगितली होती, दुकानदारानं बेंडच्या मापाचा पत्रा तिथंच कापून दिला आणि पैसे घ्यायला तयार नव्हता. पॅकिंग नुसत्या तांब्याच्या रिंगचं घेतलं, गॅसवर लाल करून पाण्यात टाकलं, मऊ पडलं.

बसवायच्या आधी दोन्ही नळ्या स्पिरिटनं पुसल्या. म्हैसूरकरांनी खाजगीत सांगितलं होतं की बोटांचे तेलकट ठसे पहिल्या तापण्यात क्रोमवर भाजून कायमचे बसतात.

मग तो क्षण. ठोकळा काढला, उजव्या बाजूला बोल्ट घेतला आणि बोटानं ढकलला. आरपार गेला. पान्हा नाही, पहार नाही. अण्णा शेजारी उभे होते, त्यांनी तो बोल्ट परत बाहेर काढला आणि स्वतः घालून बघितला.

मापं : डावा ३३८, उजवा ३४०. शॉकअपच्या बोल्टापासून आत-बाहेर फरक १ मिमी. दोघं जण मागं-पुढं बसून दाबून बघितलं, काही टेकत नाही. मागच्या चाकाचा स्पिंडल सायलेन्सर न काढता निघतो, तेही बघून घेतलं.

पहिल्यांदा दहा मिनिटं चालू ठेवली, थंड होऊ दिली, कोमट असताना रिंग नट परत आवळले. दोन्ही थोडे थोडे फिरले. आज सकाळी मिरजेला जाऊन आलो. घरी आल्यावर पांढरं फडकं दोन्ही सांध्यांवरून फिरवलं. डावं कोरडं. उजव्या सांध्याखाली गव्हाच्या दाण्याएवढा एक तपकिरी ठिपका आला.


उद्यमनगर_फिटर (कोल्हापूर)
पुढचा रविवार, रात्री ८:१५

दाण्याएवढा चालतोय. कार्बन धरला की शंभर किलोमीटरमध्ये बंद होईल. वाढला तर क्लॅम्पचा बोल्ट खालच्या बाजूला असंल तर तो फिरवून वर किंवा बाजूला घ्या, क्लॅम्प जिथं मिटतो तिथं पकड कमी असते. दोनशे किलोमीटरनंतर रिंग नट परत एकदा बघा.

कोल्हापूरला याल तेव्हा अण्णांना घेऊन दुकानात या. तो काडेपेटीतला तुकडा पण आणा, आमच्या पोरांना दाखवायचाय.


निळी_रोडकिंग (सांगली)
पुढचा रविवार, रात्री ८:४०

नक्की आणतो काका. अण्णा आत्ता परत मागं खुर्ची टाकून बसलेत. अर्धा तास झाला, अजून काही बोलले नाहीत. मगाशी फक्त उठून उजव्या सायलेन्सरवरचा एक पाण्याचा डाग शर्टाच्या बाहीनं पुसून आले.